माथ्यावर थांबणाऱ्यांसाठी





आज आम्ही सायकलविषयी लिहिणार आहोत. चर्चच्या सेवेत असलेल्या माणसांनी सायकलवर काय लिहायचे, असे कोणाला वाटेल. पण गेल्या वर्षभरात धारगळच्या चढांनी आम्हाला आमच्याच धर्मग्रामाविषयी एक गोष्ट शिकवली, आणि ती आमच्या चुकीतून शिकवली. तीच चूक आपल्यापैकी पुष्कळांकडून होत असेल, म्हणून सांगतो.

आम्ही चौघे. चौघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. फेस्ताच्या आधी मंडप घालणे, खुर्च्या मोजणे, आजाऱ्यांना भेटायला जाणे, प्रार्थना गटाला बोलावणे, ही आमची कामे. तरुणपणी आम्ही धारगळहून म्हापशाला सायकलने जात असू. मग नोकरी आली, संसार आला, मोटारसायकल आली आणि सायकल पडवीत गंजून गेली. पंचवीस वर्षांनी डॉक्टरांनी दोघांना साखर सांगितली, एकाला रक्तदाब. चौथ्याला काही नव्हते, तो मैत्रीखातर आला. बारीक टायरच्या, खाली वळलेल्या हँडलच्या रोड सायकली आम्ही जुन्या बाजारातून घेतल्या आणि दर शनिवारी पहाटे निघू लागलो.

पहिले दोन शनिवार आनंदात गेले. सपाट रस्त्यावर पाय आपोआप फिरत होते. सायकल चालवणे विसरत नाही असे म्हणतात, ते खरेच आहे. पण ते तोल सांभाळण्यापुरतेच खरे आहे. चढाला ते लागू नाही.

आपल्या पेडणे तालुक्यात उंच डोंगर नाहीत, पण सपाटीही फार नाही. कोलवाळचा पूल ओलांडून शापोरा नदी मागे टाकली की रस्ता वर चढू लागतो. पुढे जांभ्याचे सडे, मध्ये दऱ्या, काजूच्या बागा, पुन्हा सडा. ज्या मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, ते पठार समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून थोडे अधिक उंच आहे. गाडीतून जाताना ही उंची कोणाच्या लक्षातही येत नाही. सायकलवर मात्र तिचा प्रत्येक मीटर मांडीत आणि पोटरीत मोजला जातो.

महामार्गावरची गर्दी टाळून आम्ही आतल्या रस्त्यांनी कासारवर्ण्याच्या बाजूला जाऊ लागलो. तिसऱ्या शनिवारी दीड किलोमीटरचा एक चढ लागला. कॉलेजच्या वयात असल्या चढावर आम्ही गप्पा मारत असू. आता अर्ध्यावरच चौघांचीही बोलती बंद झाली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दोघे उतरून सायकल हाताने ढकलत वर आले. त्या दिवशी घरी कोणी काही सांगितले नाही.

असे का होते, हे आम्ही नंतर समजून घेतले. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची मुख्य झुंज वाऱ्याशी असते. चढावर ती वजनाशी असते. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरा. रस्ता सात टक्क्यांचा असेल, तर दर शंभर मीटरला हे नव्वद किलो सात मीटर, म्हणजे दोन मजल्यांहून जास्त उंच उचलावे लागतात. पंचवीस वर्षांत पोटावर जे चढले, तेही त्यातच आले. हृदय आणि फुप्फुसे मात्र तेवढ्याच काळात थकलेली. व्यायाम सुटला की दम काही आठवड्यांतच कमी होऊ लागतो, आणि वय आपला वाटा वेगळा घेते.

आमच्या जुन्या सायकलींचे गिअरही तरुणांसाठीच होते. पुढच्या चक्राला कमीत कमी ३९ दाते, मागच्याला जास्तीत जास्त २५. ताशी आठ किलोमीटरने चढताना मिनिटाला जेमतेम चाळीस वेळा पाय फिरायचा, आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघा कुरकुरायचा. सायकल दुरुस्त करणाऱ्याने सांगितले, पुढे ३४ आणि मागेही ३४ दात्यांचे चक्र लावा. तेवढ्याच वेगाला पाय साठाहून अधिक वेळा फिरेल, पण हलका फिरेल. आम्ही दोन महिने ऐकले नाही. हलका गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचा गिअर, असे आमच्या डोक्यात बसले होते.

खरे सांगायचे तर चढावर आमच्याबरोबर आणखी चौघे चढत होते, आमचीच पंचवीस वर्षांपूर्वीची शरीरे. आम्ही त्यांच्याशी शर्यत लावत होतो आणि दर शनिवारी हरत होतो. हा गर्वच होता. शेवटी गुडघ्यांनी शहाणपण शिकवले आणि आम्ही गिअर बदलून घेतले. मग एक साधी कसोटी ठरवली. चढताना प्रभूची प्रार्थना पुटपुटत अखेरपर्यंत म्हणता आली पाहिजे. मध्ये श्वास तुटला तर आपण जोरात चाललो आहोत, वेग कमी करायचा. दोन महिन्यांत तिघांचा दम बराच सुधारला.

तिघांचा, चौथ्याचा नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते.

आमचा चौथा मित्र अंगाने जड, आणि त्याची नोकरी बसून करायची. तो चढावर मागे पडू लागला. आम्ही त्याला टाकून गेलो नाही, हे आम्ही अभिमानाने सांगत असू. माथ्यावर पोचलो की थांबायचो. पाणी प्यायचो, केळे खायचो, सड्यावरून दिसणारी हिरवळ बघायचो. पाच-सात मिनिटांनी तो वर यायचा, लाल चेहऱ्याने, धापा टाकत. आम्ही टाळ्या वाजवायचो. "शाब्बास रे! चला, निघू या." आणि निघायचो.

एका शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाला, "तुम्ही व्हा रे पुढे, माझं जरा काम आहे." मग तो शुक्रवारच्या प्रार्थना गटालाही यायचा थांबला. आम्ही त्याच्या घरी गेलो. तो बाहेर गेला होता. वहिनींनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका, पण एक सांगते. तुम्ही वर थांबता, हे ते सांगतात. पण ते पोचले की तुम्ही निघता. म्हणजे विश्रांती तुम्हा तिघांना मिळते. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याला नाही."

आमच्या हातातला कप हातातच राहिला. इतक्या शनिवारांत हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. आम्ही थांबत होतो हे खरे, पण ते थांबणे आमच्या स्वतःसाठी होते.

त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून उत्पत्तीच्या पुस्तकातला तेहेतिसावा अध्याय वाचला. याकोब वीस वर्षांनी घरी परतत आहे. आदल्या रात्रीच्या झुंजीने तो लंगडतो आहे. एसाव त्याला प्रेमाने भेटतो आणि म्हणतो, चल, बरोबर जाऊ. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत, दमदार, चालायला सरावलेली. याकोब नम्रपणे नकार देतो. माझ्याबरोबर लहान मुले आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई आहेत, त्यांना एक दिवस जरी जास्त दामटले तर कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी गुराढोरांच्या आणि लेकरांच्या चालीने हळूहळू येतो. असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

हा अध्याय आम्ही कितीदा ऐकला असेल. भावांचा समेट म्हणूनच ऐकला. या वेळी प्रथमच दिसले की कळपाचा वेग सर्वांत दुबळ्या जिवाने ठरवायचा, हे याकोबाला कळले होते. आणि ते कळायला त्याला स्वतःला लंगडावे लागले.

सायकलवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. सपाटीवर पुढच्या सायकलच्या मागे राहिले तर वारा अडतो आणि मागच्याचे निदान पाव हिस्सा श्रम वाचतात. म्हणजे सपाटीवर सशक्त माणूस स्वतः वारा झेलून दुबळ्याला मदत करू शकतो. चढावर वेगच इतका कमी असतो की अडवायला वाराच नसतो. तिथे कोणी कोणाचे ओझे उचलू शकत नाही. चढावर सोबत्याला देता येते ती एकच गोष्ट, आपला वेग कमी करून त्याच्या शेजारी राहणे.

आता हे चर्चमध्ये घेऊन येऊ या, कारण आम्हाला म्हणायचे आहे ते तिथलेच आहे.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ पुष्कळ वर्षांनी मिस्साला आले. त्यांची आई नुकतीच देवाघरी गेली होती. शेवटच्या बाकावर बसले. कधी उभे राहायचे, कधी गुडघे टेकायचे, हे शेजारच्याकडे बघून करत होते. बाहेर पडताना दारात आमच्यापैकीच एकाने हसत म्हटले, "अरे वा, आज सूर्य कुठून उगवला?" दुसऱ्याने प्रेमानेच विचारले, "आता आलाच आहात, तर फेस्ताच्या कमिटीत नाव घालू का?" ते हसले, नंतर बघू म्हणाले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. आम्ही आपसात म्हणालो, त्यांची श्रद्धाच कच्ची.

बंधुभगिनींनो, तो माणूस चढ चढून आला होता. पुष्कळ वर्षांची लाज, अपराधीपणा, लोक काय म्हणतील याची भीती, हे सारे वजन घेऊन तो चर्चच्या पायऱ्या चढला होता. आम्ही माथ्यावर ताजेतवाने उभे होतो. टाळी वाजवली, टोमणा मारला, आणि लगेच म्हणालो, चला निघू या.

आमचे मत स्पष्ट आहे. श्रद्धेकडे परतणाऱ्याची श्रद्धा तपासण्याआधी धर्मग्रामाने आपला वेग तपासावा. परत येणाऱ्याला पहिल्या दिवशी प्रश्न नको, काम नको, उपदेशही नको. त्याला श्वास घ्यायला वेळ हवा. पहिल्या राजांच्या पुस्तकातला एलिया आठवा. थकून, जीव नकोसा होऊन तो झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला एका शब्दानेही झापले नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. आणि हे एकदा नव्हे, दोनदा. त्यानंतर होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट. उधळ्या पुत्राच्या बापानेही आधी मेजवानी केली. शेतावर कधी येतोस, हे त्या दिवशी विचारले नाही.

यावर आक्षेप येतील, आमच्यातही आले. एकाने विचारले, "सगळेच सावकाश चालले तर सशक्तांनी काय करायचे? धर्मग्रामाची कामे कशी व्हायची?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्यात दम आहे त्याने तो वापरू नये, असे आम्ही म्हणत नाही. सायकलवाल्यांकडे यावर एक साधी युक्ती आहे. जो आधी वर पोचतो, त्याने माथ्यावर उभे राहून हाका मारत बसू नये. त्याने वळावे, खाली उतरावे, शेवटच्याला गाठावे आणि त्याच्याबरोबर पुन्हा चढावे. त्याचा व्यायाम दुप्पट होतो आणि मागच्याला सोबत मिळते. दोघांचेही भले.

आणि नीट पाहिले तर आपल्या प्रभूने हेच केले नाही का? तो उंचावर राहून आपल्याला हाका मारू शकला असता. तो खाली आला, आपल्याएवढाच थकला, तहानला, आणि आपल्याबरोबर चढला. कालवरीच्या वाटेवर त्याचा क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनाला धरावे लागले, इतका तो आपल्यासारखाच दमला होता. दमलेल्याकडे कमीपणाने पाहणारी नजर ख्रिस्ताची असू शकत नाही.

जगातल्या मोठ्या सायकल शर्यतींतही हे शहाणपण आहे. फ्रान्सच्या शर्यतीत दर टप्प्याला वेळेची मर्यादा असते. तिच्या आत न पोचणारा बाद होतो. सपाटीवर वेगाने धावणारे धिप्पाड गडी डोंगरात मागे पडतात. तेव्हा वेगवेगळ्या संघांचे, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे खेळाडू मागे एक गट करतात आणि सगळ्यांना झेपेल अशा चालीने वेळेच्या आत डोंगर पार करतात. या गटाला इटालियन भाषेत ग्रुपेटो म्हणतात. पुढे जिंकणाऱ्याचे नाव पेपरात येते, पण मागचा हा गट कितीतरी जणांना शर्यतीत टिकवून ठेवतो.

इटलीचा जिनो बार्ताली हा डोंगरांचा बादशहा, आणि भाविक कॅथलिक. फ्रान्सची शर्यत त्याने १९३८ साली जिंकली. मग महायुद्ध आले. १९४८ साली, दहा वर्षांनी, त्याने ती पुन्हा जिंकली. हे वाचून आम्हालाही जोर आला होता, पण तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता, आम्ही नाही! त्याची खरी मोठेपणाची गोष्ट मधल्या वर्षांतली आहे. सरावाच्या निमित्ताने तो दूरवर सायकल चालवायचा, आणि सायकलच्या नळीत लपवून ज्यूंचे प्राण वाचवणारी बनावट ओळखपत्रे पोचवायचा. २०१३ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला. ज्या पायांनी दोनदा शर्यत जिंकली, त्या पायांची सर्वांत मोलाची फेरी दुसऱ्यासाठी होती, आणि तिथे टाळ्या वाजवायला कोणी नव्हते.

इटलीतच कोमो सरोवराजवळ एका चढाच्या माथ्यावर घिसाल्लो येथे पवित्र मरियेचे छोटे चॅपेल आहे. पोप पायस बारावे यांनी १९४९ साली घिसाल्लोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती घोषित केले. चढ संपतो तिथेच आई आहे, हे आम्हाला फार आवडले. दमलेल्या लेकराला आई आधी पाणी देते, इतका वेळ का लागला हे मागाहून विचारते.

आता आमच्याकडे काय चालले आहे, ते सांगून थांबतो.

आम्ही मित्राकडे पुन्हा गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, त्यात काय एवढं," आणि मान वळवली. तिसऱ्या शनिवारी तो आला. त्याच्याही सायकलला हलका गिअर बसवून घेतला आहे. आता आमचा एकच नियम आहे: माथ्यावरून कधी निघायचे, हे शेवटी पोचणारा ठरवतो. त्याचा श्वास शांत होतो, तो पाणी पितो, घाम पुसतो, आणि तो म्हणेल तेव्हा सगळे निघतात. आंबोलीचा घाट चढायचे आमचे स्वप्न होते. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. ते या वर्षी जमलेले नाही, पुढच्या वर्षीही कदाचित जमणार नाही. पण जाऊ तेव्हा चौघे जाऊ.

प्रार्थना गटातही आम्ही वेळ बदलली आहे. पहिली दहा मिनिटे काहीच करायचे नाही. लोक येतात, बसतात, पाणी पितात. जो उशिरा आला त्याला कोणी विचारत नाही.

ते गृहस्थ मात्र अजून चर्चला आलेले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. दारातला तो टोमणा आमचा होता हे कबूल केले. मिस्साचा विषय काढला नाही. त्यांनी आईचा फोटो दाखवला, तिच्या हातच्या फणसाच्या सांदणांची आठवण सांगितली. आम्ही अर्धा तास बसून आलो. पुन्हा जाऊ. ते कधी निघतील, हे ते ठरवतील. आम्हाला तोवर त्यांच्या शेजारी राहायचे आहे.

स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही पंधरा आरोहणाची स्तोत्रे आहेत. यरुशलेमची यात्रा करणारे लोक ती गात चढत असत, असे मानले जाते. यरीहो समुद्रसपाटीच्याही बराच खाली आहे आणि यरुशलेम सातशे मीटरहून उंच. तो चढ म्हातारे, मुले, गरोदर बाया, सगळे मिळून चढत. ती गाणी एकट्याने पुढे पळणाऱ्याची नाहीत. धाप लागलेल्या, पण एकत्र चालणाऱ्या लोकांची ती गाणी आहेत.

या आठवड्यात आपल्या घरात, आपल्या वाड्यावर, आपल्या धर्मग्रामात शेवटी कोण पोचतो आहे, एवढे पाहा. आणि तो पोचला की लगेच निघू नका.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी उंचावरून खाली आलास आणि आमच्या चालीने चाललास. आम्ही पुढे पोचलो तेव्हा मागच्याला विसरलो, याची आम्हाला क्षमा कर. जे परत येत आहेत त्यांच्या पायांत बळ दे, आणि आमच्या मनात त्यांच्यासाठी सवड दे. आम्हाला वळायला, उतरायला आणि त्यांच्याबरोबर पुन्हा चढायला शिकव. आमेन.